दिगूकाका आणि आयता सांगाडा

दिगूकाकांनी आयुष्यात कधी कॉपी-पेस्ट केलेलं नाही. प्रोग्राममध्ये एकच ओळ तीन ठिकाणी हवी असली, तर ते ती तीन वेळा टाइप करतात आणि तिन्ही वेळा ओठ हलवत वाचतात. आमच्या धंद्यात याला वेडेपणा म्हणतात. आमचा धंदा मुळात उभाच आहे तो दुसऱ्याचं लिहिलेलं उचलून आपल्यात डकवण्यावर. मी पुण्यात सहा वर्षं नोकरी केली, त्यातली निदान चार तरी ती दोन बटणं दाबण्यात गेली असतील.

"काका, दोन बटणं दाबली की काम होतं," मी सुरुवातीला त्यांना सांगून पाहिलं.

"दाबीन की गो बाय. पण मग ती ओळ वाचणार कोण?"

"वाचायची कशाला? तीच तर ओळ आहे."

"तीच हाय, हे तुला वाचल्याशिवाय कसं कळलं?"

मी चिडले. आमची पहिली दोन वर्षं माझ्या चिडण्यातच गेली.

दिगूकाका म्हणजे दिगंबर शिवलकर. वय साठीच्या आसपास. नक्की विचारलं तर म्हणतात, "माझी जन्मतारीख गुरुजींनी अंदाजानं घातलीय, त्यांनाच विचार." गुरुजी जाऊन पंचवीस वर्षं झाली. उंच, काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा शिवून घेतलेला शर्ट, आणि चष्म्याला बांधलेली दोरी. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ काजूच्या दुकानावर माझं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक इन्व्हर्टर आणि पावसाळ्यात भिंतीवर चढत जाणारी ओल. पुण्याहून परत येऊन मी ते थाटलं तेव्हा जाहिरात वाचून आलेले हे एकटेच. जाहिरातीत मी ऐटीत छापलं होतं, 'फ्रेमवर्कचा अनुभव आवश्यक.' काकांनी हाताने लिहिलेल्या अर्जात त्या ओळीखाली उत्तर दिलं होतं, 'अनुभव आहे. म्हणूनच वापरत नाही.' मला ते विनोदी वाटलं आणि मी त्यांना घेतलं. दुसरं कोणी आलंही नव्हतं.

फ्रेमवर्क म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत. पण पुढचं कळायला दोन वाक्यं सांगावी लागतील. घर बांधायला निघालेला माणूस खाणीतून चिरे काढण्यापासून सुरुवात करत नाही. तसंच प्रोग्रामचं. जगभरातल्या हुशार लोकांनी खांब, तुळया, दारंखिडक्या आधीच घडवून ठेवलेल्या असतात. त्या उचलायच्या आणि आपल्या भिंती घालायच्या. काही फ्रेमवर्क तर इतकी तत्पर असतात, की तुम्ही माहितीचे रकाने सांगितले की माणसांनी भरायचा फॉर्मसुद्धा तीच काढून देतात. तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत फॉर्म तयार. काका याला 'आयता सांगाडा' म्हणायचे. सांगाडा हा शब्द ते इतक्या थंडपणे उच्चारायचे, की त्या दिवशीचा माझा चहा गार व्हायचा.

'आयतं' या शब्दाशीच त्यांचं वैर होतं. मासळी बाजारात मासेवालीने "साफ करून देऊ काय, भाऊ?" असं विचारलं की हे "नको" म्हणून अख्खा बांगडा पिशवीत टाकणार आणि घरी जाऊन स्वतः कापणार. एकदा त्यांच्या कीबोर्डच्या फटीत मला खवलं सापडलं होतं. मसाला स्वतः भाजायचा, चष्म्याची दोरी स्वतः वळायची, सुईत दोरासुद्धा दुसऱ्याला ओवू द्यायचा नाही. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "मावशीनं आयतं स्थळ आणलंन. म्हटलं, नको." हसले नाहीत. मी हसले आणि मग मलाच लाज वाटली.

कामाचंही तेच. एका मंगल कार्यालयाला बुकिंगचा प्रोग्राम हवा होता. त्यात तारीख निवडायला एक छोटं कॅलेंडर लागतं. ते जगात हजार ठिकाणी फुकट मिळतं. काकांनी ते स्वतः लिहिलं. अकरा दिवस लागले. "सन एकोणीसशेला चारनं भाग जातो, तरी फेब्रुवारी अठ्ठावीसचाच होता, बाय, लोकांना ठाऊक नसतं," असं मला बाराव्या दिवशी विजयाने सांगितलं.

"काका, एकोणीसशे साली आपलं कार्यालय कोण बुक करणार आहे?"

"करायचं म्हटलं तर चुकायला नको."

पण खरं सांगायचं तर त्यांचं काहीही कधी बंद पडायचं नाही. आंबा पेट्यांची नोंद करणारा त्यांचा एक प्रोग्राम पाच हंगाम चाललाय आणि बागायतदाराचा एकही फोन आलेला नाही. म्हणून मी सोसत होते. आयत्या पिठावर रेघोट्या मीही ओढत होते म्हणायला हरकत नाही, पीठ काकांचं होतं इतकंच.

मग मे महिन्याच्या शेवटी हसनभाई आले. हसनभाई बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी. वीस वर्षं आखातात जहाजांवर काढून परत आलेले, त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरले की आधी बाहेर पडायचं दार कुठे आहे ते बघून ठेवतात. बसल्या बसल्या त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"मंजिरी, बोट बंदरातनं सुटली की तिच्यावर कोण कोण हाय, ते मना फोनवर दिसलं पायजे. आणि सांजच्याला कोण परत नाय आला तेपण. आता कागद असतो. बोट चालवणारा तांडेल लिवतो, नाय तर नाय लिवत. कागद बोटीवरच असतो. बोट गेली की कागद गेला."

"कधीपर्यंत हवंय?"

"बंदी उठायच्या आत. पयल्या दिवशी बोटी जातील त्या नोंद करूनच जातील. मी सगळ्यांस सांगून ठेवलंय."

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी दोन महिन्यांची. म्हणजे हातात दोन महिने होते. मी मनातल्या मनात फ्रेमवर्क निवडूनही टाकलं होतं, तेवढ्यात माझ्या मागे काकांची खुर्ची सरकली. ते गिऱ्हाइकासमोर कधी तोंड उघडत नाहीत.

"हे काम मी करणार," ते म्हणाले.

हसनभाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, असं मला आता वाटतं. तेव्हा मी कॅलेंडर बघत होते. "दिगू करत असेल तर बरंच हाय," एवढं म्हणून हसनभाई जिना उतरून गेले.

त्या दिवसापासून आमचं वाजलं. मी म्हटलं, फ्रेमवर्क घेतलं तर पाच आठवड्यांत होईल. काका म्हणाले, नाही, पायापासून लिहायचं. मी फळ्यावर हिशोब मांडला: लॉगिन, बोटी, खलाशी, फेऱ्या, नेटवर्क नसताना फोनमध्ये साठवणं. पायापासून लिहायला दोघांना सात महिने. काकांनी फळ्याकडे बघितलं आणि 'सात' पुसून 'सहा' केलं.

"काका, सहा महिन्यांनी निम्मा हंगाम संपलेला असेल."

"सांगाड्यात विचार दुसऱ्याचा असतो, बाय."

"तुम्ही टाइप करता ती अक्षरं तरी तुम्ही घडवलीत का? ती आयतीच आहेत ना?"

मला वाटलं, गप्प केलं. काका खरंच गप्प झाले, ते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी छत्री कोपऱ्यात ठेवता ठेवता म्हणाले, "अक्षर वाचता येतं. सांगाडा वाचता येत नाय. वाचायचाच नसतो, असं तुमी लोकच सांगता."

शेवटी मी त्यांना पंधरा दिवस दिले. पंधराचे तीस झाले. माझी चूक, मी कबूल करते. पण त्यांचा शब्द आजवर फुकट गेला नव्हता. आणि सकाळी आठला येऊन संध्याकाळी सहाला जाणारा माणूस आता सकाळी मला ऑफिसच्या कुलपासमोर उभा दिसायचा. डोळे लाल. जेवणाचा डबा संध्याकाळी तसाच भरलेला परत जायचा. बाहेर पावसाने नुसता धिंगाणा मांडलेला, वीज दिवसातून चारदा जाणार, भिंतीवरची ओल खिडकीपर्यंत आलेली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, दाखवा काय झालंय ते.

पडद्यावर एकच चौकट होती. वर लिहिलेलं, 'खलाशाचे नाव'. बाकी काही नाही. बोटी नाहीत, फेऱ्या नाहीत. त्या एका चौकटीसाठी काकांनी महिनाभर कितीतरी पानं कोड लिहिलं होतं. तिच्यात आकडा घातला तर ती विचारायची, बोटीचं नाव घातलं तर ती अडवायची, एकच नाव दोनदा घातलं तर पुन्हा विचारायची. एखाद्या चौकटीला माणसाने इतकं छळलेलं मी पाहिलं नव्हतं.

माझा तोल गेला. मी जे बोलले ते इथे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहिते.

"काका, एक ऑगस्टला बोटी कागद घेऊन जाणार आहेत. तुमच्या हट्टापायी. उद्या एखादा बुडाला आणि कोण बुडालं तेच कळलं नाही, तर त्याला जबाबदार तुम्ही असाल."

काकांनी चष्मा काढला. तो दोरीवर छातीशी लोंबत राहिला. मग त्यांनी संगणक नीट बंद केला, छत्री घेतली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. पाच वर्षांत तापातसुद्धा न चुकलेला माणूस; फोनही उचलेना. मी दुपारी रिक्षा करून मांडवीला गेले.

त्यांचं घर मी पहिल्यांदाच बघत होते. दोन खोल्या, पुढे माडाखाली तुळस, दार लोटलेलं. आत काका खुर्चीत बसले होते आणि समोर एक जुना, पिवळा पडलेला डबडा संगणक घरघरत होता. त्याला दोन मोठ्या बॅटऱ्या जोडलेल्या. एवढा जुना संगणक अजून चालू असलेला मी कुठे पाहिला नव्हता.

"बस," काका म्हणाले. "च्या ठेवू?"

"नको. काका, मी बोलले ते..."

"तू बोललीस तंच होऊन गेलंय, बाय. चौदा वर्षं झाली."

मी बसले.

चौदा वर्षांपूर्वी ते मुंबईची नोकरी सोडून गावी आले होते. तेव्हा आयत्या सांगाड्यांचं त्यांना कोण कौतुक! "गावभर सांगत फिरायचो. काय पायजे ते बोला, आठ दिवसांत करून देतो." सोसायटीच्या तेव्हाच्या लोकांनी हीच नोंद करून मागितली. असले फोन नव्हते तेव्हा, बंदरावरच्या खोलीत एक संगणक ठेवलेला. सुटण्याआधी तांडेलाने त्यात आपली माणसं लिहायची आणि मग बोट काढायची. काकांनी फ्रेमवर्कला दोन तक्ते सांगितले. एक बोटींचा, एक खलाशांचा. बोटीच्या तक्त्यात पहिला रकाना 'नाव'. खलाशाच्या तक्त्यात पहिला रकाना 'नाव'. सांगाड्याने दोन्ही तक्ते जोडून फॉर्म काढून दिला.

"बघ," काका म्हणाले आणि त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

फॉर्मवर दोन चौकटी होत्या. वरच्या चौकटीपुढे लिहिलेलं, 'नाव'. खालच्या चौकटीपुढे लिहिलेलं, 'नाव'.

"मना ठाऊक होतं ना, वरचं कुठलं आणि खालचं कुठलं. मीच सांगितलेलं सांगाड्याला. म्हणून मी वाचलंच नाय. आणि तांडेल काय करेल? त्याच्यापुढं दोनदा नाव, नाव. बंदरावर तू कुणाला इचार, तू कोण? तो बोटीचं नाव सांगतो. 'जयलक्ष्मी'वरचा. तंच त्याचं नाव."

त्यांनी दुसरं पान उघडलं. त्यावर पाच ओळी होत्या. नाव: जयलक्ष्मी, नाव: जयलक्ष्मी. नाव: जयलक्ष्मी, नाव: जयलक्ष्मी. पाचही ओळी अशाच.

"सप्टेंबरचं वारं सुटलंन आणि ही आली नाय. धावत खोलीत गेले बघायला, कोण कोण हाय. हे दिसलं." काका पडद्याकडेच बघत होते. "चौघांना दुसऱ्या बोटीनं काढलंनी. पाचवा नाय मिळाला. त्याला सगळी कांचा म्हणायची. नेपाळचा. बंदरावरच्या सगळ्या नेपाळ्यांना कांचाच म्हणतात. तीन आठवडे झालेले येऊन. ज्यानं आणलंन तो आधीच निघून गेलेला गोव्याला. तांडेलाला नाव ठाऊक नाय, गाव ठाऊक नाय. मी पोलिसात गेलो, नेपाळ्यांच्या सगळ्या खोल्या फिरलो, गोव्यालापण जाऊन आलो. कुठं कळवायचं? कुणाला?"

बाहेर माडाची झावळी धप्पकन पडली. आम्ही दोघंही दचकलो.

"होडी सापडली आठ दिवसांनी, पालथी." मग काका म्हणाले, "नाव सापडली, बाय. नाव सापडलं नाय."

मी मराठी शाळेत शिकले. हा शब्द स्त्रीलिंगी झाला की होडी आणि नपुंसकलिंगी झाला की माणसाचं नाव, हे चौथीत पाठ केलेलं. पण तेव्हा त्या खोलीत मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"सांगाड्याची चूक नाय," काका म्हणाले. "लोकांना वाटतं, दिगू सांगाड्यावर रागावलाय. त्यानं विचारलंन तसं मी सांगितलं. मी सांगितलं तसं त्यानं काढलंन. वाचायचं काम माझं होतं."

"आणि हा अजून चालू का?" मी संगणकाकडे बोट दाखवलं.

"सोसायटी टाकून देत होती, मी घरी आणला. बंद केला तर पुन्हा उठेल की नाय सांगता येत नाय. त्या सांगाड्याच्या मालकांनीच तो कधीच सोडून दिलाय. आणि तो माणूस एवढ्याच ठिकाणी हाय. चुकीच्या नावानं का होईना, पण हाय."

मला म्हणायचं होतं की काका, तुमचं बरोबर आहे, घेऊ पायापासून लिहायला, हसनभाईंना मी सांगते. तोंड उघडलंही होतं. पण काकांनीच हात वर केला.

"सांगाडा घे."

"काका?"

"दोन दिवस तोच इचार करतोय. आपली भिंत आपण बांधायची म्हणून मी सहा महिने बसणार, आणि तोवर बोटी कागद घेऊन जाणार. मग माझ्यात नि तेव्हाच्या माझ्यात फरक काय? तेव्हा घाई केली, आता उशीर. माणूस गेला तो गेलाच." ते उठले आणि छत्री शोधू लागले. "सांगाडा घे. पण तो जे काय काढील, त्याची प्रत्येक ओळ मी वाचणार. तू मधी बोलायचं नाय."

हातात सतरा दिवस होते. ते कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. मी फ्रेमवर्क उभं केलं, ते फॉर्म काढत गेलं, आणि काका ओठ हलवत वाचत गेले. एका पानावर फ्रेमवर्कने आपणहून 'हटवा' असं बटण दिलं होतं. काकांनी मला उठवून आपल्या पडद्यापाशी नेलं. "कोणाला हटवा? खलाशाला?" ते बटण गेलं. खलाशाच्या तक्त्यात मी शिस्तीत 'पूर्ण नाव' असं लिहिलं होतं, तर म्हणाले, पूर्ण म्हणजे काय, बोटीसकट? शेवटी त्यांनी त्या चौकटीपुढे स्वतः लिहिलं, 'आईने ठेवलेले नाव'.

हसनभाई ते बघून पोट धरून हसले. "दिगू, माज्या आयशीनं मना बाबू ठेवलंन. तेच लिवू?"

"लिव," काका म्हणाले. "तू बुडलास तर तुझ्या आयशीला कळायला पायजे."

हसनभाईंचं हसू तिथेच थांबलं. चौकटीचं नाव मात्र तेच राहिलं. त्याखाली 'जवळचे नातेवाईक', त्यांचं गाव, आणि 'नाते' अशी एक आयती यादी: आई, वडील, पत्नी, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी. यादी फ्रेमवर्कने दिली होती. काकांनी ती वाचली आणि एका शब्दालाही हात लावला नाही. मला नवल वाटलं, पण मी मध्ये बोलायचं नव्हतं.

शेवटचे चार दिवस काका बंदरावर बसले. पावसाळ्यासाठी शाकारलेल्या बोटी खलाशी उघडत होते, जाळी भरत होते, डिझेलचा वास सगळीकडे. काका ताडपत्रीखाली खुर्ची टाकून एकेका खलाशाला समोर उभं करायचे. नेपाळचे होते, कर्नाटकातले होते, गुहागरकडचे होते. "तुझं नाव? 'दर्यासागर' नको. तुझं. आई काय हाक मारते?" एकजण म्हणाला, आई नाहीये. काका म्हणाले, होती तेव्हा काय मारायची? त्याने ते हळूच सांगितलं. काकांनी ते अक्षर अक्षर लावून लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं.

बंदी उठली. पहिल्या दिवशी एका दिवसात परतणाऱ्या छोट्या बोटीच गेल्या, कारण समुद्राचा अजून भरवसा नव्हता. मी आणि काका ऑफिसात बसून पडद्यावर बोटी सुटताना बघत होतो. त्या दिवसाच्या माणसांची यादी भरत गेली. दुपारनंतर एकेक परत येऊ लागली आणि यादी उलटी रिकामी होत गेली. सहाच्या सुमाराला शेवटची बोट लागली. मी खुर्चीत मागे टेकले. तेवढ्यात हसनभाईंचा फोन.

"मंजिरी, एक माणूस परत नाय आयला!" त्यांचा आवाज फाटला होता. "बोटी सगळ्या हायत, मी स्वता मोजल्यात. पण 'न परतलेले' समोर एकचा आकडा दावतंय. कोण हाय तो? पोरांना परत दर्यात पाठवू?"

मी ते पान उघडलं. खरंच एक ओळ होती. बोट: जयलक्ष्मी. सुटल्याची तारीख चौदा वर्षांपूर्वीची.

मी मागे वळून बघितलं. काका त्यांच्या खुर्चीत ताठ बसले होते, शाळेत गुरुजींसमोर बसल्यासारखे.

"काका, ही यादी अशी ठेवता येणार नाही. लोक घाबरतील."

"त्याला वेगळ्या पानावर घाल. मी चुकलो, आधी सांगायला हवं होतं." मग म्हणाले, "पण काढू नको. परतला नाय तो, बाय. त्यात खोटं काय लिवलंय?"

फोनमध्ये हसनभाई ओरडत होते. मी म्हटलं, "हसनभाई, कोणाला पाठवू नका. सगळे आलेत. हा 'जयलक्ष्मी'वरचा आहे."

फोनमध्ये बंदरावर बर्फ फोडल्याचा आवाज येत होता.

"कांचा?" हसनभाईंनी विचारलं.

"हो."

"नाव काय लिवलंन दिगूनं?"

"आईने ठेवलेले नाव: माहीत नाही."

"आणि नातेवाईक? ती चौकट तर रिकामी सोडता येत नाय."

मी ओळ पुढे सरकवली. काका खिडकीबाहेर बघत होते. मी हसनभाईंना वाचून दाखवलं, जसं लिहिलं होतं तसं: "जवळचे नातेवाईक, दिगंबर शिवलकर. गाव, मांडवी, रत्नागिरी. नाते, भाऊ."